डोळ्यामुळे स्कूटी थांबली, धंदा थांबू नये



आपल्या सासूबाईंच्या काळी खारीगावातून भाईंदर स्टेशन गाठायचं तर डोक्यावर पाटी आणि पायांत बळ लागायचं. आज आपल्यातल्या कितीतरी जणी स्कूटीला पिशवी अडकवतात आणि डबे, मसाले, भाजी घेऊन मीरा रोडपर्यंत जाऊन येतात. स्कूटी आली आणि धंदा वाढला. म्हणूनच एक दिवस डॉक्टर म्हणाले, "ताई, काही दिवस गाडी बंद," तर पायाखालची जमीन सरकते. या महिन्याचा पाठ त्या दिवसासाठी आहे.

समजा, आपल्याच गटातली एक ताई आहे. वय ४८, साखरेच्या गोळ्या चालू, रोजचे वीस डबे, स्कूटीचे हप्ते अजून फिटायचे आहेत. एका सकाळी उठते तर एका नळाचे दोन नळ, एका उंबरठ्याचे दोन उंबरठे. डोळे चोळते, पाणी मारते आणि तशीच स्कूटी काढते. समोरून एक रिक्षा येते, तिला दोन दिसतात. खरी कुठली, ते कळेपर्यंत ब्रेक दाबायची वेळ निघून जाते. त्या दिवशी नशिबाने काही होत नाही. घरी येऊन ती कुणाला काही सांगत नाही, कारण सांगितलं तर गाडी बंद होणार.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण डोळ्यांच्या बाबतीत ही म्हण चालत नाही.

हे असं का होतं?

आपले दोन्ही डोळे एकाच दिशेला वळतात, म्हणून आपल्याला एकच चित्र दिसतं. डोळा वळवणाऱ्या नसेला रक्त कमी पडलं तर एक डोळा मागे राहतो आणि एकाचे दोन दिसतात. साखर किंवा रक्तदाब असणाऱ्या बायांना हे होऊ शकतं. दिलाशाची गोष्ट अशी की या कारणाने झालं असेल तर बहुतेकदा साधारण तीन महिन्यांत डोळा हळूहळू ताळ्यावर येतो. मात्र साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवावे लागतात.

घरच्या घरी एवढं पाहा. आधी एक डोळा हाताने झाका, मग दुसरा. कुठलाही डोळा झाकला की एकच दिसत असेल, तर दोन डोळ्यांचा मेळ बिघडला आहे. एक डोळा झाकूनही दोन दिसत असतील, तर दोष त्या उघड्या डोळ्यात, मोतीबिंदूसारखा, असू शकतो. दोन्ही वेळा डॉक्टर गाठायचाच.

लगेच दवाखाना कधी? एकाचे दोन दिसण्यासोबत पापणी खाली पडली, डोकं अचानक असह्य दुखू लागलं, बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं किंवा हातापायातलं बळ गेलं, तर उद्यावर टाकू नका. १०८ नंबरला फोन करा आणि मोठं रुग्णालय गाठा.

डॉक्टरांना काय सांगायचं, काय विचारायचं?

आपण आजार सांगतो, काम सांगत नाही. समोरची बाई रोज स्कूटी चालवते हे डॉक्टरांना कसं कळणार? म्हणून आत गेल्या गेल्या सांगा, "मी पोटापाण्यासाठी रोज गाडी चालवते." मग हे चार प्रश्न विचारा:

१. गाडी किती दिवस बंद ठेवू?
२. परत दाखवायला कधी येऊ?
३. दिवसा चालवायला लागले, तरी रात्री चालेल का?
४. चालवायला हरकत नाही असं झालं की कागदावर लिहून द्याल का?

तपासणीला जाताना स्कूटी नेऊ नका. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की काही तास धुरकट दिसतं आणि उजेड सहन होत नाही. सोबतीला कुणीतरी न्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही हेच. चष्म्याचा नंबर स्थिर व्हायला काही आठवडे लागतात. "आता छान दिसतंय" हे आपलं मत झालं, गाडी कधी काढायची ते डॉक्टर सांगतील.

डॉक्टर कधी एका डोळ्यावर पट्टी देतात. पट्टीने एकच दिसतं, पण म्हणून लगेच गाडी काढायची नाही. एका डोळ्याची सवय नसते तोवर अंतराचा अंदाज चुकतो. खड्डा किती जवळ आहे ते कळत नाही, पट्टीच्या बाजूने येणारी रिक्षा दिसत नाही. घरातही जपा. जिना उतरताना कठडा धरा, चहा ओतताना किटली कपाच्या काठाला टेकवा, विळीवर घाई करू नका.

कायदा काय म्हणतो?

लायसन्ससाठी आपण जो नमुना १ भरतो, त्यात एक प्रश्न असतो: चांगल्या उजेडात, चष्मा असेल तर चष्मा लावून, २५ मीटरवरच्या गाडीची नंबरप्लेट वाचता येते का? २५ मीटर म्हणजे आपली साधारण ३५ पावलं. बैठकीच्या दिवशी अंगणात प्रत्येकीने हे करून पाहावं, एकेक डोळा झाकून. वाचता आलं नाही तर डोळे तपासून घ्या. वाचता आलं म्हणून डॉक्टरांनी बंद सांगितलेली गाडी सुरू करायची नाही.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८६ प्रमाणे, आपल्या आजारामुळे इतरांना धोका होईल हे माहीत असूनही गाडी चालवणं गुन्हा आहे.

आणखी एक मोह होतो. "पोरगा सोळाचा आहे, चालवतो चांगली, देऊ दे त्यालाच डबे." मुळीच नको. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तीन महिने वाचवायला जाऊन तीन वर्षांचं दुखणं घरी आणायचं नाही.

धंद्याचं गणित

गाडी बंद झाली की बाई घाबरून सगळी गिऱ्हाइकं सोडते. आधी वहीत हिशेब मांडा. उदाहरण घेऊ. रिक्षाला रोज १२० रुपये लागतात, पेट्रोलचे ५० वाचतात. म्हणजे वाढीव खर्च ७० रुपये. महिन्याचे २६ दिवस धरले तर १,८२० रुपये. तीन महिन्यांचे ५,४६० रुपये. रक्कम लहान नाही, पण तिला शेवट आहे. गेलेली वीस गिऱ्हाइकं परत मिळवायला याहून कितीतरी जास्त लागेल.

आता हा खर्च कमी कसा करायचा?

- जवळचे डबे पायी, दूरचे रिक्षाने. एका बाजूची गिऱ्हाइकं एकाच फेरीत घ्या.
- गिऱ्हाइकाला खरं सांगा: "डोळ्याचा त्रास आहे, तीन महिने डबा पंधरा मिनिटं उशिरा येईल." न सांगता उशीर झाला की माणूस तुटतो, सांगितलं की थांबतो.
- लायसन्स असलेल्या दुसऱ्या सखीला डबे पोहोचवायला द्या. डब्यामागे किती पैसे ते पहिल्याच दिवशी ठरवा आणि लिहून ठेवा. फुकटची मदत आठवडाभर गोड लागते, पुढे मन दुखावतं.
- हप्ता चुकायच्या आधी गटात बोला. अंतर्गत कर्ज अशाच वेळेसाठी असतं. बँकेचा हप्ता असेल तर तिथेही आधी जाऊन भेटा.

गटाचं काम

मदत करताना एक जपा. तिचा धंदा काढून घेऊ नका. गिऱ्हाइकाचा फोन तिच्याकडेच यावा, पैसे तिच्याच हातात पडावेत, वही तिनेच लिहावी. हात आपला, धंदा तिचा. "बिचारी, आता कसली गाडी चालवतेय," असं बैठकीत म्हणू नका. गाडी बंद झाली आहे, बाई नाही.

डॉक्टरांनी कागदावर हो म्हटलं की पहिल्या दिवशी डबे न घेता, भर उजेडात, शांत गल्लीत एक फेरी मारा. मग जवळची गिऱ्हाइकं, मग मीरा रोड. रात्र आणि पाऊस सगळ्यात शेवटी.

बैठकीत बोलण्यासाठी

१. आपल्यापैकी कितीजणींनी या वर्षी डोळे आणि साखर तपासली?
२. एखादीची गाडी उद्या बंद झाली तर तिचा माल कोण पोहोचवेल, आणि किती पैशांत?
३. डोळ्याला त्रास होत असूनही कुणी गप्प बसली आहे का? तिला सगळ्यांसमोर विचारू नका. बैठक उठल्यावर तिच्यासोबत घरापर्यंत चालत जा आणि वाटेत विचारा.