वाळूचे डोंगर आणि निळे तलाव

ठाणे हे तलावांचे शहर म्हणून प्रसिद्ध आहे. तेथे मासुंदा तलावाच्या काठी कौपिनेश्वराचे प्राचीन देवस्थान आहे. शेजारच्या कल्याण नगरीतही काळा तलाव आहे. या भागात दरवर्षी सुमारे २५०० मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेव्हा येथे तलाव असावेत, यात नवल ते काय? परंतु जेथे वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि नजर जाईल तेथवर वाळूच पसरलेली असते, तेथे शंभराहून अधिक तलाव आढळले, तर त्यास काय म्हणावे?

असा प्रदेश खरोखरच आहे. चीनमधील आंतरमंगोलियाच्या पश्चिम भागात बदाइन जरान नावाचे वाळवंट आहे. त्याचा विस्तार सुमारे ५०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ सहाव्या हिश्शाएवढा आहे. येथील सर्वांत उंच वाळूची टेकडी पायथ्यापासून सुमारे ४६० मीटर उंच आहे. सहा कुतुबमिनार एकावर एक रचले, तरी ते तिच्या माथ्यापर्यंत पोहोचणार नाहीत!

ही टेकडी चढणे सोपे नसते. प्रवाशाने एक पाऊल पुढे टाकावे, तो वाळू त्यास अर्धे पाऊल मागे ओढते. उतारावरून कोरडी वाळू घसरू लागली, की कणावर कण घासून घुमल्यासारखा खोल ध्वनी उठतो. दूर कोठे विमान उडत असावे, असा भास होतो. अखेर धापा टाकीत प्रवासी माथ्यावर पोहोचतो आणि खाली पाहून थक्क होतो. पिवळ्या टेकड्यांच्या कुशीत निळा तलाव चमकत असतो. त्याच्या काठी हिरवे गवत असते आणि दोन मदारींचे उंट चरत असतात.

तहानलेला प्रवासी तलावाकडे धावतो. पण वाटाड्या त्यास थांबवितो. तलावाचे पाणी खारट, आणि काठावरच्या झऱ्याचे मात्र गोडे! याचे कारण ठाण्याच्या खाडीकाठची मिठागरे पाहिली म्हणजे सहज उमगते. ऊन पाण्याची वाफ करून नेते, मीठ मागे राहते. येथेही हजारो वर्षे हेच घडत आले आहे. आपल्या लोणार सरोवराचे पाणीही खारे आहे, आणि त्याच्या काठी गोड्या पाण्याची धार वाहते.

मग हे पाणी येते कोठून? ते जमिनीखालून येते, याविषयी शास्त्रज्ञांचे एकमत आहे. पुढे मात्र मतभेद आहेत. दक्षिणेकडील चिल्येन पर्वतावरचे बर्फ वितळून ते पाणी भूगर्भातील भेगांमधून येथवर पोहोचते, असे काहींचे मत आहे. आसपासच पडलेला पाऊस वाळूत मुरून दीर्घकाळ साठून राहतो, असे इतर काही मानतात. वरची कोरडी वाळू थोडी उकरली, की खाली ओलसर वाळू लागते, हे मात्र कोणासही पाहता येते.

मंगोल पशुपालकांचे जीवन या झऱ्यांवर अवलंबून आहे. झरा आटला, तर माणसांनी आणि जनावरांनी जावे कोठे? म्हणून त्यांच्या लेखी पाणी हेच खरे धन होय. २०२४ च्या जुलै महिन्यात नवी दिल्ली येथे भरलेल्या युनेस्कोच्या समितीच्या अधिवेशनात या वाळवंटास जागतिक वारशाचा मान मिळाला.

ठाणे-कल्याण परिसरात मेघराजा उदार हस्ताने पाणी देतो. तरीही ठाण्यातील कित्येक जुने तलाव बुजवून तेथे वस्ती झाली. वाळवंटाने मात्र थेंब थेंब जपून तलाव राखले आहेत. ज्याला भरपूर मिळते, त्यालाच जपण्याचा विसर पडतो, हेच खरे.