वाड्याचा कोलम



मागे एकदा आमच्या केळव्याच्या घरी पाहुणे आले. आम्ही बाजारातून तांदूळ आणला. पिशवीवर ठळक अक्षरे होती, 'वाडा कोलम'. पंगत बसली. पाहुण्यांत वाड्याकडच्या एक आजी होत्या. एक घास घेऊन त्या म्हणाल्या, "गुरुजी, ह्यो आमचा कोलम नाय."

आम्ही पिशवी पुन्हा वाचली. खाली बारीक अक्षरांत परराज्यातल्या गावाचे नाव होते. मोठी अक्षरे वाचली, बारीक राहिली!

खरा कोलम आपल्याच पालघर जिल्ह्यातला. वाडा तालुका डोंगराच्या कुशीत, वैतरणेच्या खोऱ्यात आहे. तिथली जुनी माणसे या तांदळाला 'झिणी' म्हणतात. दाणा लहान व बारीक. भात मऊ होतो, त्याला मंद वास येतो.

मग सगळेच तो का लावीत नाहीत? कारण रोप उंच वाढते आणि वाऱ्यापावसात आडवे पडते. सुधारलेल्या वाणांपेक्षा पीकही कमी येते. ही तूट चांगल्या भावानेच भरून निघते. पण दुसराच तांदूळ याच नावाने स्वस्त विकला, तर भाव कसा मिळणार? भाव नाही, तर शेतकरी वाण सोडतो. आणि घरोघरचे बी संपले, की वाण गेलाच.

म्हणून २०२१ साली वाडा कोलमला 'भौगोलिक मानांकन' मिळाले. म्हणजे काय? हे नाव त्या मुलखाच्या मालाचे आहे, अशी सरकारदरबारी झालेली नोंद. तिथल्या शेतकऱ्याने अर्ज करून आपलेही नाव त्यात नोंदवावे. अर्ज आधी वाचावा, मग सही करावी.

कागद नाव राखतो. बी मात्र आपणच राखायचे. ते असे:

१. भात फुलोऱ्यावर आले की शेतात फिरा. वेगळी दिसणारी रोपे उपटा.

२. बियाण्याचे भात वेगळे झोडा. खळे आधी झाडून घ्या. दुसरे दाणे मिसळू देऊ नका.

३. पेरणीआधी दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवा. त्यात बी टाकून ढवळा. तरंगेल ते पोचट, ते काढून टाका. तळाचे बी चांगल्या पाण्याने दोनतीनदा धुऊन सावलीत वाळवा.

आपण केळव्याची माणसे बागायतवाली. तांदूळ विकत घेणारे पुष्कळ. आपले काम एवढेच, की पिशवीवरची बारीक अक्षरेही वाचायची.

प्रश्न
१. आजींनी तांदूळ कशावरून ओळखला?
२. खोट्या नावाने वाण कसा बुडतो?
३. घरातील तांदळाच्या पिशवीवरचा मजकूर वाचा व वहीत लिहा.