मधले शब्द

चि. चिनूस,


तुझ्या आईनं कळवलं, की अकरावी सुरू झाल्यापासून तू हजार अवघड इंग्रजी शब्दांची यादी समोर ठेवून रोज वीस शब्द पाठ करतेस. पहिल्या पानाचा फोटोही तिनं पाठवला. 'पल्क्रिट्यूड', 'लकॅडेझिकल', 'सेस्क्विपिडेलियन'. पहिल्याचा अर्थ सौंदर्य; शब्द ऐकून कुणाला तसं वाटणार नाही, ते सोड. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून एकदम इंग्रजीतलं सायन्स हाती आलं की धास्ती वाटतेच, आणि धास्तावलेला माणूस जे सगळ्यांत अवघड दिसेल त्यावर आधी तुटून पडतो. तुझ्या मेहनतीबद्दल प्रश्न नाही. फक्त विहीर भलत्या जागी खणते आहेस, एवढंच मला म्हणायचं आहे.

तुझं फिजिक्सचं पुस्तक उघड आणि पेन्सिलीनं अडलेल्या शब्दांखाली रेघ मार. 'व्हेलॉसिटी'खाली रेघ येणार नाही. तो शब्द पुस्तक स्वतःच व्याख्या देऊन शिकवतं, सरही फळ्यावर लिहितात. 'वॉटर' आणि 'टेबल' तर पहिलीपासूनचे. रेघा येतील त्या 'अझ्यूम', 'इम्प्लाय', 'सफिशियंट', 'रिस्पेक्टिव्हली', 'नेग्लिजिबल' अशांखाली. हे शब्द कुणी शिकवत नाही, कारण ते कुठल्याच एका विषयाचे नाहीत. रोजचे शब्द घरदार शिकवतं, पारिभाषिक शब्द मास्तर शिकवतात. या मधल्यांना वाली नाही. आणि वाक्याचा सगळा तोल नेमका त्यांच्यावर असतो. 'नेग्लिजिबल' कळला नाही तर घर्षण धरायचं की सोडायचं, हेच कळत नाही, मग गणित येत असूनही चुकतं.

हे नुसतं माझं मत नाही. मायकेल वेस्ट या शिक्षणतज्ज्ञानं १९५३ साली नेहमीच्या वापरातल्या सुमारे २,००० इंग्रजी शब्दांची यादी छापली. हा गृहस्थ आधी बंगालमध्ये, ढाक्यात काम केलेला. इंग्रजी परकी असणाऱ्या मुलांच्या अडचणी त्यानं तिथे पाहिल्या होत्या. पुढे २००० साली न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेडनं कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान या चारही शाखांतला सुमारे ३५ लाख शब्दांचा मजकूर तपासला. वेस्टच्या यादीबाहेरचे, पण चारही शाखांत पुन्हा पुन्हा येणारे शब्द वेगळे काढले, तेव्हा हाती आली फक्त ५७० शब्दकुळं. अभ्यासाच्या मजकुरात दर दहा शब्दांमागे जवळजवळ एक शब्द या ५७० मधला असतो. रोज तीन घेतलेस तर १९० दिवस, म्हणजे अकरावीचं वर्ष सरायच्या आत संपतात. तुझी हजारांची यादी पन्नास दिवसांत संपेल खरी, पण तिच्यातला एखादा शब्द पुस्तकात भेटायला तुला किती वर्षं थांबावं लागेल, कोण जाणे.

शिवाय संपेल म्हणजे डोक्यातून संपेल. जर्मनीच्या एबिंगहाउसनं १८८५ साली विस्मरणावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. ते त्यानं स्वतःवरच केले होते आणि पाठांतरासाठी मुद्दाम निरर्थक अक्षरगट घेतले होते. पाठ केलेलं सुरुवातीलाच सपाट्यानं विसरलं जातं, आणि मध्ये दिवस सोडून उजळणी केली तर टिकतं, असं त्याला दिसलं. पण निरर्थक गट घेतले, हे ध्यानात ठेव. ज्याला ना संदर्भ ना वाक्य ना सोबती, असा शब्द तुझ्या मनाला त्या अक्षरगटापेक्षा फारसा वेगळा नसतो.

सोबती म्हणजे काय ते आपल्या भाषेत बघ. भूक लागते आणि राग येतो. भूक येत नाही, राग लागत नाही. चहा कडक आणि पाऊस मुसळधार. हे आपण पाठ केलेलं नाही, जोड्यांनीच कानावर पडलेलं आहे. इंग्रजीत चहा 'स्ट्राँग' असतो, पाऊस 'हेवी'. अदलाबदल केलीस तर समोरचा समजून घेईल, पण हसेल. म्हणून शब्द वहीत उतरवायचा तो ज्या वाक्यात भेटला त्या अख्ख्या वाक्यासकट.

एक शब्द जवळून पाहू. 'डिराइव्ह' परीक्षेत तुला घाबरवतो, कारण त्याच्यापुढे सूत्र सिद्ध करायचं असतं. तो लॅटिनमधून आला आणि त्याच्या पोटात 'रिव्हस' म्हणजे ओढा आहे. ओढ्यातून पाणी वळवून आणणं, म्हणजे आपला पाट काढणं, हा त्याचा मूळ अर्थ. मूळ नियमातून हवं ते सूत्र पाटासारखं वळवत आणायचं, हेच तर डेरिव्हेशन. त्याच ओढ्यातून 'रायव्हल' निघाला: एकाच ओढ्याचं पाणी वापरणारा. पाटाच्या पाळीवरून होणारी भांडणं माहीत असलेल्या मराठी माणसाला तो शब्द प्रतिस्पर्धी का झाला, हे सांगायला नको.

आणि इथे तुझं मराठी माध्यम आड येत नाही, उलट कामी येतं. आहार, विहार, संहार, प्रहार, परिहार: धातू एक, उपसर्ग बदलला की अर्थ फिरला. ही युक्ती तुझ्या अंगात मुरलेली आहे. 'डिड्यूस', 'इंड्यूस', 'रिड्यूस', 'इंट्रोड्यूस' यांच्या मुळाशी 'नेणं' या अर्थाची लॅटिन क्रिया आहे; आपल्याकडे 'नी' धातूपासून विनय, अनुनय, निर्णय झाले, तसंच. 'अझ्यूम'च्या पोटात 'घेणं' आहे, 'गृहीत'मध्येही तेच. मात्र मूळ म्हणजे खुंटी. अर्थ तिथे टांगून ठेवता येतो, तिच्यातून काढता येत नाही. निर्णय शब्दात नेणं शोधत बसलीस तर हाती काही लागणार नाही.

तू म्हणशील, काका, एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, लेखी परीक्षेत समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्द विचारतातच. विचारतात. ९०० गुणांपैकी २०० इंग्रजीचे आहेत, तेव्हा हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण तिथेही शब्द बहुधा वाक्यात अधोरेखित करून देतात, आणि वाक्य वाचता येणारा पर्याय गाळत उत्तरापर्यंत पोचतो. अमेरिकेच्या सॅट परीक्षेनं तर याद्यांचं एक अख्खं दुकान उभं केलं होतं. २००५ मध्ये तिथले शब्दसादृश्याचे प्रश्न गेले, २०१६ मध्ये दुर्मिळ शब्दांवरचेही गेले आणि उताऱ्यातल्या संदर्भावरून अर्थ विचारायला सुरुवात झाली. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून शेवटच्या दोन महिन्यांत यादीवर हात फिरव. माझी हरकत नाही. यादी हे लोणचं आहे, त्यानं पोट भरत नाही.

दुसरा आक्षेप तू मनात ठेवशील, म्हणून मीच मांडतो: भारदस्त शब्दांशिवाय इंग्रजीत वजन पडत नाही. तुझ्याच गावचं उदाहरण घे. कल्याणात वाढलेली यमुना, लग्नानंतरची आनंदीबाई जोशी, १८८३ साली अमेरिकेत पोचली आणि अठराव्या वर्षी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी पत्र लिहिलं. मायदेशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचं आहे, असा त्याचा आशय. त्यात 'डिटर्मिनेशन' आहे, 'ऑपोझिशन' आहे, 'पर्पज' आणि 'रेंडर' आहेत. सगळे मधले शब्द, जिथल्या तिथे बसलेले. तिला प्रवेश मिळाला आणि १८८६ मध्ये ती डॉक्टर झाली. तिचं इंग्रजी नवऱ्याच्या शिकवणीवर, वाचनावर आणि अमेरिकेतल्या कार्पेंटरबाईंशी चाललेल्या पत्रव्यवहारावर पोसलेलं होतं.

वेळ कुठून आणू, हे मात्र खरं दुखणं आहे. कॉलेज, क्लास, त्यात लोकलची गर्दी. पण वीस शब्दांना तू रोज तासभर देतेस. त्यातली पंधरा मिनिटं पुरतील. आठवड्यातून एकदा सार्वजनिक वाचनालयात जा. १८६४ पासूनची संस्था आहे, आनंदीबाईंच्या जन्माच्याही आधीची. एखाद्या इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख वाच. पहिल्या वाचनाला शब्दकोश उघडू नकोस. अर्थाचा अंदाज बांध, मग ताडून बघ. चुकलेला अंदाज जास्त लक्षात राहतो.

ती यादी फेकू नकोस, बारावीनंतर गंमत म्हणून वाचायला बरी आहे. या रविवारी बायोलॉजीच्या पहिल्या धड्यातले पाच मधले शब्द त्यांच्या वाक्यांसकट मला पाठव. 'ऑस्मॉसिस' लिहिलास तर परत पाठवीन. वहिनींना नमस्कार.

तुझा,
काका