झहीर पुन्हा आला

(वेगवान गोलंदाज झहीर खान अनेकदा जखमी झाला आणि अनेकदा मैदानावर परतला. त्याच्या कारकिर्दीतील काही प्रसंग या पाठात सांगितले आहेत.)

कार्ल्याला भाताची कापणी झाली, की डोंगराखालची खाचरे मोकळी होतात. वर लेणी आणि एकवीरादेवीचे देऊळ, खाली मुलांचे क्रिकेट! गेल्या वर्षी तेथेच आमच्या वर्गातील एक मुलगा चेंडू टाकता टाकता एकदम थांबला. मांडीच्या मागचा स्नायू ताणला गेला होता. रविवारी अंतिम सामना होता. त्याने मलम चोळले, घरी काही सांगितले नाही आणि माझ्यासमोर मात्र सरळ चालण्याची धडपड करू लागला.

"बेटा, रविवारी तू खेळायचे नाहीस," मी म्हणालो.

"सर, झहीर खान किती वेळा जखमी झाला! तो थांबला होता का?"

मुलांनो, मी त्याला जे उत्तर दिले, तेच येथे लिहितो.

झहीरचा जन्म १९७८ साली श्रीरामपूरला झाला. हे गाव अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात आहे. इंजिनिअरिंगचे शिक्षण बाजूला ठेवून तो क्रिकेटसाठी मुंबईला गेला. पुढे चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये तो तयार झाला आणि २००० साली भारताकडून खेळू लागला. लांब रन-अप, उंच उडी आणि डाव्या हातातून सुटणारा वेगवान चेंडू! पण वेगवान गोलंदाजाचे शरीर प्रत्येक चेंडूला जबर धक्का सोसते. पुढचा पाय जमिनीवर आदळतो, तेव्हा शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार त्या एका पायावर येतो.

डिसेंबर २००३ मध्ये ब्रिस्बेनच्या कसोटीत झहीरने ऑस्ट्रेलियाचे पाच गडी बाद केले. त्यानंतर मांडीचा स्नायू दुखावला. ॲडलेडची कसोटी हुकली. मेलबर्नला तो खेळला, पण पहिल्यासारखी लय नव्हती. सिडनीला पुन्हा बाहेर बसावे लागले. २००४ मध्ये पाकिस्तानच्या दौऱ्यावर मुलतानच्या कसोटीनंतरही तेच झाले. मग तरुण गोलंदाज आले आणि झहीरची जागा गेली.

२००६ च्या उन्हाळ्यात भारतीय संघ वेस्ट इंडीजमध्ये खेळत होता, तेव्हा झहीर इंग्लंडमध्ये वूस्टरशायर या कौंटीकडून खेळत होता. गर्दी नाही, गाजावाजा नाही. रोज गोलंदाजी, रोज तीच मेहनत. त्याने रन-अप आखूड केला. वेगापेक्षा चेंडू कोठे पडतो आणि किती वळतो, याकडे लक्ष दिले. त्या हंगामात त्याने कौंटी स्पर्धेत ७८ बळी घेतले. माझ्या मते त्याची खरी कारकीर्द येथून सुरू झाली. आपण उर्दूत 'सब्र' म्हणतो. मराठीतली 'सबुरी' त्याच कुळातली आहे.

पुढच्याच वर्षी नॉटिंगहॅमच्या कसोटीत त्याने ९ बळी घेतले. भारताने ती मालिका जिंकली. इंग्लंडमध्ये असा विजय १९८६ नंतर प्रथमच मिळाला होता.

२००३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात झहीरच्या पहिल्याच षटकात १५ धावा गेल्या होत्या. २०११ साली मुंबईला वानखेडे मैदानावर पुन्हा अंतिम सामना आला. या वेळी त्याची पहिली तीन षटके निर्धाव गेली! त्या स्पर्धेत त्याने २१ बळी घेतले. चेन्नईला वेस्ट इंडीजचा डेव्हन स्मिथ ८१ धावांवर खेळत असताना झहीरच्या संथ चेंडूवर त्रिफळाचीत झाला. त्या वर्षी झहीर 'नकल बॉल' टाकत असे. हे नाव अमेरिकेतील बेसबॉलमधून आले आहे. चेंडू बोटांच्या टोकांनी किंवा पेरांनी धरायचा. हात वेगात फिरतो, चेंडू मात्र हळू येतो. फलंदाज फसतो.

त्याच वर्षी जुलैमध्ये लॉर्ड्सवर पहिल्याच दिवशी मांडीचा स्नायू पुन्हा दुखावला. मग घोट्याची शस्त्रक्रिया झाली. काही महिने गेले आणि डिसेंबरमध्ये मेलबर्नला त्याने एका डावात चार गडी बाद केले. २०१५ साली तो निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या नावावर ९२ कसोटींत ३११ बळी होते.

"म्हणजे तो थांबला होता," मुलगा हळूच म्हणाला.

"अनेक वेळा."

रविवारी आमचा संघ हरला. मुलगा सीमारेषेजवळ बसून होता. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. महिन्याने डॉक्टरांनी परवानगी दिली, तेव्हा तो चेंडू घेऊन माझ्या घरी आला. "सर, नकल बॉल नेमका कसा धरतात?"

शब्दार्थ
खाचर – भाताचे बांध घातलेले शेत
निर्धाव – एकही धाव न गेलेले
त्रिफळाचीत – यष्ट्यांवर चेंडू लागून बाद
पेर – बोटाच्या दोन सांध्यांमधला भाग
सबुरी – धीर, संयम

स्वाध्याय
१. मुलाने दुखापत घरी का सांगितली नसेल?
२. वूस्टरशायरला झहीरने गोलंदाजीत कोणते बदल केले?
३. २००३ आणि २०११ च्या अंतिम सामन्यांतील झहीरच्या सुरुवातीची तुलना करा.
४. सर आणि मुलगा यांच्यातील संवाद वर्गात वाचून दाखवा.