तालमीनंतरचा गोड पेला

गेल्या पावसाळ्यात आपल्यापैकी एकाचे वडील रंगीत चित्रांचा एक डबा घेऊन शाळेत आले. मुलगा नुकताच तालमीत जाऊ लागला होता. दंड-बैठका झाल्यावर ही भुकटी पाण्यात कालवून प्यावी, म्हणजे थकवा जातो व बळ वाढते, असे त्यास कोणी सांगितले होते. डब्याची किंमत त्या गृहस्थांच्या तीन-चार दिवसांच्या मजुरीइतकी. "गुरुजी, हे पोरास जरूर आहे काय?" असा त्यांचा प्रश्न. डब्यावरील यादी वाचून पाहतो, तो बहुतेक साखर, थोडे मीठ आणि लिंबाचा वास! तथापि 'नको' एवढेच सांगून भागण्यासारखे नव्हते. कारण ही वस्तू निरुपयोगी नाही, तिचा उपयोग दुसरीकडे आहे.

आपण खातो त्या भाकरीतील, भातातील व गुळातील पिष्टमय आणि शर्करायुक्त भाग पचून त्याची ग्लुकोज नामक शर्करा होते. तिचा काही अंश यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साठून राहतो. हा पदार्थ क्लोद बेर्नार ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५७ साली यकृतातून वेगळा काढला. प्रौढ माणसाच्या यकृतात तो सुमारे १०० ग्रॅम व सर्व स्नायूंत मिळून सुमारे ४०० ग्रॅम असतो. अंगमेहनतीच्या वेळी हेच स्नायूंचे सरपण. १९६६ साली बेर्गस्ट्रम व हुल्टमन ह्या दोघा स्वीडिश संशोधकांनी ह्याविषयी स्वतःवरच एक नामी प्रयोग केला. एकच सायकल दोघांनी दोन बाजूंस बसून प्रत्येकी एका पायाने थकेपर्यंत चालविली. दुसरा पाय स्वस्थ ठेविला. पुढे तीन दिवस पिष्टमय आहार घेतल्यावर, श्रमलेल्या पायात विसावलेल्या पायाच्या जवळजवळ दुप्पट साठा झाल्याचे आढळले. म्हणजे ज्या स्नायूने काम केले, तोच आपला वाटा ओढून घेतो.

परंतु सर्व थकवा एका जातीचा नसतो. १९५२ साली हेलसिंकी येथील ऑलिंपिकमध्ये आपल्या खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळविले, हे आपणांस ठाऊक आहेच. जपानच्या इशीशी दीर्घ कुस्ती संपते न संपते, तोच त्यांस सोव्हिएत संघाच्या मल्लाशी लढण्यास बोलाविण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हवी असा नियम होता. पण त्यांच्या बाजूने भांडण्यास तेथे कोणी भारतीय अधिकारी हजर नव्हता. त्या अर्ध्या तासात काय झाले असते? श्वास ताळ्यावर आला असता. एकदम जोर करण्यास लागणारे स्नायूंतील क्रियाटिन फॉस्फेट काही मिनिटांतच बव्हंशी भरून निघते, तेही निघाले असते. ही भरपाई विश्रांतीने होते, गोड पाण्याने नव्हे. उलट ग्लायकोजेनचा साठा भरण्यास कित्येक तास लागतात. त्यास अर्धा तास पुरत नाही.

मग पेयाचा खरा प्रसंग कोणता? आपल्याच जिल्ह्यातील पाटोद्याचे राहुल आवारे ह्यांनी २०१८ साली गोल्ड कोस्ट येथील राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटाचे सुवर्णपदक जिंकले. अशा स्पर्धांत मल्लास एकाच दिवशी तीन-चार कुस्त्या खेळाव्या लागतात. मध्ये काही तास असतात, जड जेवण मात्र करता येत नाही. तेथे शरीराच्या दर किलो वजनास तासाला सुमारे १ ग्रॅम ह्या मानाने साखर पोटात गेली, तर साठा लवकर भरू लागतो, आणि पेय हा तिचा सोपा मार्ग होय.

आपल्या तालमीतील मुलाची गोष्ट निराळी. तासाभराच्या जोर-बैठका व वजने ह्यांत स्नायूंतील साठ्याचा सुमारे २५ ते ४० टक्के भाग खर्च होतो, आणि पुढील व्यायामास पुरता एक दिवस असतो. तेवढ्या अवकाशात नेहमीचे जेवण तो भरून काढते. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे ७० ग्रॅम पिष्टमय भाग असतो. तेव्हा भाकरी हेच आपले पेय समजावे! पोट भरलेले असता, अशा बेताच्या व्यायामात साखरेच्या पाण्याने ताकद विशेष वाढते, असे प्रयोगांत दिसून आलेले नाही. स्नायू बांधले जातात ते मटकी, डाळ, दूध, अंडी ह्यांतील प्रथिनांनी. ते डब्यात नव्हतेच.

बोलता बोलता कळले की, हे गृहस्थ दर वर्षी दिवाळीनंतर सपत्नीक ऊसतोडीस जातात. पहाटेच्या अंधारात फडात उतरावयाचे, दिवसभर कोयता चालवावयाचा आणि मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढवावयाच्या. "तेथे काय पिता?" असे विचारता, "चहा, आणि मिळेल ते पाणी," असे उत्तर आले. मी डबा त्यांच्यापुढे सरकविला व म्हणालो, "हे पोरासाठी नव्हे, तुम्हां उभयतांसाठी आहे." तासन्‌तास घाम गाळणाऱ्यास साखर, मीठ व पाणी ही तिन्ही हवीत, आणि साखर व मीठ जोडीने असली, म्हणजे आतड्यातून पाणीही लवकर शोषले जाते.

डबा संपल्यावर काय करावे, हेही त्यांस लिहून दिले. उकळून गार केलेले १ लिटर पाणी, सुमारे ७० ग्रॅम गूळ, पाव चमचा मीठ व अर्धे लिंबू. हे थोडेथोडे, काम चालू असतानाच घ्यावे आणि त्याच दिवशी संपवावे. उसाचा रस फुकट मिळाला तरी त्यात शेकडा १३ ते १५ भाग साखर असते. श्रमात तो पोटास जड पडतो, म्हणून निम्मे पाणी घालावे. मधुमेह्याने मात्र डॉक्टरांस विचारल्यावाचून ह्यातले काही घेऊ नये.

गृहस्थांनी कागद घडी करून टोपीत ठेविला. "गूळ तर आमच्याच उसाचा," एवढे म्हणून ते हसले व डबा काखोटीस मारून निघाले.