श्वासाची शिदोरी

निरोगी मनुष्याला आपण श्वास घेत आहोत, याची आठवणही नसते. ज्याच्या फुप्फुसांत जुनाट विकार ठाण मांडून बसला आहे, त्याला मात्र सदरा चढविताना, पायऱ्या चढताना, किंबहुना बोलतानाही ती होते. त्याच्या श्वासनलिका अरुंद झालेल्या असतात, सूक्ष्म वायुकोशांच्या भिंती झिजलेल्या असतात आणि आत घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाही. धूम्रपान हे याचे मोठे कारण खरे. परंतु जन्मात कधी विडीला न शिवलेल्या, केवळ चुलीच्या धुरात आयुष्य घालविलेल्या आपल्याकडील स्त्रियांनाही हा विकार गाठतो.

झिजलेले वायुकोश पूर्ववत होत नाहीत. म्हणून पूर्वी डॉक्टर अशा रोग्यास विश्रांतीच सांगत. धाप लागेल या भीतीने रोगी चालणे सोडी. चालणे सुटले की पायांचे स्नायू दुबळे होत. आणि स्नायू दुबळे झाले की थोड्याशा श्रमानेही अधिकच धाप लागे. खाटेपासून खिडकीपर्यंत, एवढेच त्याचे जग उरे.

अमेरिकेतील डेन्व्हर हे नगर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर वसले आहे. तेथील हवा विरळ. अशा ठिकाणी या रोग्यांचे किती हाल होत असतील! १९६० नंतरच्या दशकात तेथील डॉ. थॉमस पेटी व त्यांचे सहकारी यांनी या रोग्यांना खाटेवरून उठविले. द्रवरूप प्राणवायूचे, सोबत नेता येईल असे पात्र त्यांना दिले आणि चालावयास लावले. जणू श्वासाची शिदोरीच ती! ही शिदोरी सर्वांनाच लागते असे नाही. रक्तातील प्राणवायू फार घटला असेल तरच डॉक्टर ती देतात. चालणे मात्र बहुतेकांना मानवते.

आज अशा रोग्यांना श्वास सोडण्याचीही रीत शिकवितात. नाकाने श्वास घ्यावयाचा आणि शीळ घालताना करतात तसे ओठ करून, दुप्पट वेळ लावून, सावकाश सोडावयाचा. फुप्फुसे याने बरी होत नाहीत. पण काल जो दारापर्यंत जाऊन परतत असे, तो काही आठवड्यांनी कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत जाऊ लागतो. वाटेत तो थांबला, तर सोबतच्याने त्याचा हात ओढू नये, की प्रश्न विचारून त्याला बोलावयास लावू नये. नुसते उभे राहावे. श्वास जागेवर आला की तो आपण होऊन निघतो.