प्रारंभीचे व्यंगचित्रपट आणि संग्राहक

१९०८ साली फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी सुमारे ७०० रेखाचित्रांतून ‘फँटास्मागोरी’ हा दोन मिनिटांहूनही लहान व्यंगचित्रपट सिद्ध केला. अशा पटांच्या जुन्या प्रतींसाठी संग्राहक जिवाचे रान करतात, त्यास कारण आहे. त्या काळची नायट्रेटची फीत चटकन पेट घेई आणि जपली नाही तर कुजून जाई. म्हणून उरलेली एकुलती प्रतही अमूल्य ठरते.

जुनइची कोउची यांचा ‘नामाकुरा गाताना’, म्हणजे ‘बोथट तलवार’, हा १९१७ चा जपानी लघुपट याचे उत्तम उदाहरण होय. नवी तलवार वाटसरूंवर आजमावू पाहणाऱ्या सामुराईची त्यात पुरती फजिती होते. १९२३ चा भूकंप आणि पुढील महायुद्ध यांत त्या काळचे बहुतेक जपानी पट नष्ट झाले. हाही गेला, असेच मानले जाई. परंतु ओसाका येथे जुन्या वस्तूंच्या विक्रेत्याकडे संशोधक नात्सुकी मात्सुमोतो यांना त्याची प्रत गवसली आणि २००८ साली तो पुन्हा रसिकांसमोर आला.

आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनी त्याच दशकात ‘आगकाड्यांची मौज’ निर्माण केली. काडी किंचित सरकवायची, एक चित्र टिपायचे, पुन्हा सरकवायची, अशी ती चिकाटीची साधना. तो पट आज उपलब्ध नाही.

विद्यार्थ्यांनी घरातील जुनी फीत, छायाचित्र वा हस्तलिखित रद्दीत देण्यापूर्वी क्षणभर थांबावे. कदाचित तीच अखेरची प्रत असेल.